आखूड पुंगळी

हरणांच्या शिकारीच्या मोसमाच्या पहिल्याच सकाळी लेलँड ट्रूअक्स आपल्याच कुंपणापाशी मेलेला सापडला. अंगात नियमाप्रमाणे भडक नारिंगी जाकीट, छातीत भोक. इतक्या नारिंगी माणसाला हरीण समजायला शिकारी आंधळाच हवा.

तरी इंडियानातल्या त्या गावाने दुपारच्या आत निकाल लावला: गोळी कर्टिस मेब्रीची. लेलँडने याच वर्षी त्याला आपल्या रानात शिकारीची परवानगी दिली होती, आणि त्याच्या मचाणाखाली त्याच्याच रायफलच्या मापाची, झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी मिळाली होती.

"मी गोळीच झाडली नाही. न्याहारीला घरी होतो," कर्टिस म्हणाला. साक्षीला फक्त बायको, आणि बायकोच्या साक्षीला कोण विचारतो? दिवस भरत आलेली ती बाई फाटकाशी उभी राहून नवऱ्याला पडलेल्या बेड्या बघत होती.

शिकार-अधिकारी रूथ केसिंजरने ती पुंगळी मागून घेतली आणि व्हर्नन स्टेलीचं घर गाठलं. प्रेत त्यालाच सापडलं होतं. लेलँडच्या रानात तो चाळीस वर्षं हरणं मारत आला होता. रूथला बंदूक धरायला त्यानेच शिकवलं होतं.

त्याने शांतपणे कॉफी ओतली. खिडकीशी काडतुसं भरायचं यंत्र होतं, त्याच्याखाली पितळेचा ताजा कीस सांडला होता.

"व्हर्न, कर्टिसचं काडतूस नियमात बसतं का?"

"बसतं. बाटलीसारखी निमुळती मान नाही, पुंगळी सरळसोट. सपाट मुलूख आपला. निमुळत्या मानेच्या काडतुसाची गोळी लांब जाते, कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायची."

"आणि लांबी?"

"पूर्वी लांबीवरही बंधन होतं, म्हणून आम्ही पुंगळ्या कापायचो. ते केव्हाच उठलं."

"तुम्ही अजून कापता?"

"हाताची सवय. या पंचक्रोशीत आता माझ्याशिवाय कोण कापतंय? सगळे आयतोबा."

"कर्टिसला कधी दिलीत?"

"त्याला? एकही नाही. दुकानातली खोकी घेणारा पोरगा तो."

रूथने खिशातून दोन पुंगळ्या काढून टेबलावर उभ्या केल्या. एक कर्टिसच्या खोक्यातली, गोळी उपसलेली. दुसरी मचाणाखालची. ती नखभर आखूड होती.

व्हर्ननचा कप वाटेतच थांबला.

"तोंडाचं माप एकच, म्हणून सगळ्यांनी तेवढंच पाहिलं," रूथ म्हणाली. "लांबी कुणी मोजली नाही. कापणारे तुम्ही एकटे, आणि त्याला एकही दिली नाहीत, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. कर्टिस घरी गेलेला पाहून तुम्ही लेलँडला मारलंत, पुंगळी मचाणाखाली टाकलीत, आणि मग प्रेत सापडल्याची हाक दिलीत."

त्याने कप खाली ठेवला.

"चाळीस वर्षं ते रान मी राखलं," तो म्हणाला. "आणि लेलँड म्हणतो, वय झालं तुझं, यंदापासून घरी बस. कालच्या पोराला दिलं त्याने."

रूथने कमरेच्या बेड्या हातात घेतल्या. तिला रडू येत होतं आणि संतापही.

"एक लिहून घे, पोरी," हात पुढे करत तो म्हणाला. "जन्मात एकदाही मी बेकायदा काडतूस भरलं नाही."

"नाही भरलंत," रूथ म्हणाली. "आजसुद्धा नाही."