समुद्राची ओटी

आमच्या आईला निरोप घेता येत नाही, फक्त आमंत्रण देता येतं. अमरावतीत आमचं फुलांचं दुकान आहे. हार न घेता नुसता भाव विचारून जाणाऱ्यालाही ती म्हणते, "येजा एखाद्या दिवशी घरी, जेवाले." आणि लोक येतात. मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस दर महिन्याला पोहे खाऊन जातो. आकडा मात्र असेल तोच लिहितो.

एप्रिलमध्ये आम्ही चौघं अंदमानच्या एका लहान बेटावर गेलो. आई, बाबा, बहीण आरती आणि मी. दुसऱ्याच दिवशी वारा सुटला आणि परतीच्या बोटी बंद झाल्या. चार माणसं, एक खोली, एक पंखा आणि चारी बाजूंनी पाणी. बाबांना दुकानाची काळजी आणि आरतीला माझं घोरणं, दोघांनाही झोप नाही. आईने तेवढ्या वेळात हॉटेलचा मॅनेजर, नारळवाला आणि एक बंगाली नवदांपत्य यांना अमरावतीला बोलावून ठेवलं.

वारा पडला. बोट सुटणार त्या सकाळी आई पिशवी घेऊन किनाऱ्यावर गेली. पिशवीत नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि हिरवा खण. कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलो की ती वर्धा नदीची ओटी भरते, तशी.

"अवं, समुद्र बाप्या मानूस हाये," बाबा म्हणाले. "बाप्याची ओटी भरते का कोनी?"

"पानी बाईच अस्ते," आई म्हणाली. "वर्धा बाई, पूर्णा बाई. हेच तेवढं बाप्या कुठून झालं?"

खणाच्या कोपऱ्यात बॉलपेनने 'मैनाबाई' लिहिलेलं होतं. ओटीत आलेले खण बायका पुढे देतात, पण ज्या घरून आला त्या घरी खण परत गेला तर जन्माची नाचक्की. म्हणून आई देणारीचं नाव कोपऱ्यात लिहून ठेवते. नाव असलं की तो कुणालाही जाईल, तिच्याकडे जाणार नाही. आमच्या घरात एवढी शिस्त दुसऱ्या कशालाच नाही.

आईने पाण्याला कुंकू वाहिलं, ओटी सोडली आणि सवयीने म्हणाली, "येजो माय आमच्याकडं. चार दिवस राहाले."

लाट आली. खण आणि तांदूळ घेऊन गेली. नारळ तेवढा आईच्या पायाशी परत ठेवला.

"यीन म्हनते," बाबा म्हणाले. आम्ही हसलो.

मे महिन्यात मी एका संस्थेचा स्वयंसेवक म्हणून तेल्हाऱ्याच्या पुढच्या एका गावात गेलो. समाजसेवेची ओढ वगैरे नव्हती. मला कुटुंबापासून आणि पाण्यापासून लांब जायचं होतं. हे गाव खारपाणपट्ट्यात येतं. जमिनीखालचं पाणी खारट, त्यामुळे विहिरीचं कुणी पीत नाही. प्यायचं नळाला येतं. आम्ही गावातल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीतला गाळ काढत होतो. मी सिव्हिलचा विद्यार्थी, म्हणून पाण्याची पातळी बघायचं काम माझ्याकडे.

सकाळी खालच्या पायऱ्या पाण्याखाली असायच्या. दुपारी कोरड्या. संध्याकाळी परत पाण्याखाली. मी आधी मोजण्यातली चूक धरली. मग पंप धरला. त्या विहिरीवर पंप नव्हता. आणखी एक कारण सुचत होतं, ते मी धरलं नाही.

मग गाळाच्या घमेल्यात वाळू आली. पांढरी, बारीक. आमच्या काळ्या मातीत असली वाळू विकत आणूनही पांढरी राहत नाही. तिच्यात एक खेकडा होता. खेकडे शेतातही असतात, पण हा पांढरा होता आणि त्याला काळ्या मातीवर चालता येत नव्हतं. जरा चालायचा, थांबायचा, पाय झटकायचा. पुण्याहून आलेल्या पाहुण्यासारखा.

मी भगवंतरावांकडे उतरलो होतो. त्यांच्या पत्नी गोदाबाईंनी खेकडा बघितला आणि पोळी लाटता लाटता विचारलं, "बावा, तुह्या मायनं कोनाले बोलावलं व्हतं का?"

"ती सगळ्यांनाच बोलावते," मी म्हणालो.

"मंग बरोबर हाये."

दुसऱ्या दिवशी विहिरीभोवती सडा पडलेला होता. रांगोळी होती. काठावर पाट आणि पाय धुवायला तांब्याभर गोडं पाणी. गावात कुणी घाबरलेलं नव्हतं. सगळे कामात होते, घरी पाहुणे आल्यावर असतात तसे. मी तांब्यातलं पाणी बोटाने चाखलं. खारट होतं. पाट ओला होता.

मी बॅग भरली. चौकात गावातल्या एकुलत्या ऑटोवाल्याची, धर्मपालची, ऑटो उभी होती.

"तेल्हाऱ्याला सोड," मी म्हणालो.

"अन् पाहुनीले कोनाच्या भरवशावर टाकून चालले?" तो म्हणाला. रागाने नव्हे. त्याला खरंच समजत नव्हतं. त्याने ऑटोची चावी खिशात घातली.

मी पायी निघालो. मे महिन्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, पाय जाईल एवढ्या रुंद. त्या दिवशी सगळ्या भेगा भरलेल्या होत्या. उन्हात चमकत होत्या. मी उजवीकडचं शेत बघितलं, डावीकडचं बघितलं. पुढे रस्त्यालाच भेगा होत्या आणि त्यांतलं पाणी हळूच वर येत होतं, हळूच खाली जात होतं. श्वास घेतल्यासारखं.

गावाचं बेट झालं होतं. इथे तर बोटही नव्हती.

परत आलो. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीवर मिळायचं. वर चढून आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आली का थे?" आई म्हणाली. आवाजात आनंद होता. "मी सांगतलं नव्हतं तुह्या बाबाले? जेवली का?"

"आई, मले घरी याचं हाये."

"ये ना मंग. तिले पोचवून दे अन् ये. पाहुनीले एकटी धाडत नाही कोनी."

"कुठी पोचवू?"

"तिच्या घरी. अजून कुठी?"

फोन कापला गेला. मी खाली उतरून आलो तर अंगणात गोदाबाई पाहुणीच्या निरोपाची तयारी करत होत्या. सुपात तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ.

"खण नाही का?" मी विचारलं. विनोद करायचा प्रयत्न होता.

"ओटी गावची, खन बोलावनाऱ्याच्या घरचा," त्या म्हणाल्या. "थो तिनं घेतला."

"कधी?"

त्यांनी सूप उचललं. भगवंतरावांनी माझी बॅग खांद्यावर घेतली. विहिरीकडे निघाले. त्यांच्यामागे सगळं गाव. सगळ्यांचे धुतलेले कपडे, ठेवणीतली लुगडी. वराती कमी आनंदी असतात.

पाणी वरच्या पायरीवर आलं होतं. अगदी संथ.

मी मनाशी हिशेब लावत होतो. पोचवायला गेलेला माणूस परत येतो. तीच रीत आहे. बाबा आत्याला पोचवून दरवर्षी परत येतात, संत्री घेऊन.

पाटावर हिरवा खण होता. कोरडा, इस्त्रीची घडी असलेला. 'मैनाबाई' तसंच होतं. आमचा खण तिने मला परत केला, म्हणजे सुटलो, असं मला वाटलं. मी तो उचलायला वाकलो.

"थांब बावा," गोदाबाई म्हणाल्या. त्या माझ्या पाठीकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या शर्टचा खालचा कोपरा हातात धरला, वाचला आणि हळूच सोडून दिला. मग पदराने डोळे पुसले.

मी कोपरा पुढे ओढून बघितला. बॉलपेनने लिहिलेलं होतं, नीट, खणावर लिहितात तसं.

'साधना, अमरावती.'

आईचं नाव. अक्षर तिचं नव्हतं. शाई अजून ओली होती, आणि बोट लावून चाखली तर खारट.