वाटाण्याचे डोळे

बहारीनमध्ये पाऊस वर्षातून चार-पाचदा येतो, आणि आला की सगळ्यांची त्रेधा उडवून जातो. त्या जानेवारीतल्या शनिवारी दुपारीही तसंच झालं. अदलियाच्या गल्लीत घोटाभर पाणी साचलं, माझी गाडी मधोमध बंद पडली, आणि मी सँडल हातात घेऊन समोर दिसलं त्या दारात शिरले. आत गेल्यावर कळलं, अरे... हे तर आपलं स्टेकहाऊस.

आपलं म्हणजे आम्हा चौबळांचं. माझा जन्म इथलाच. बाबा इथल्या एका बँकेत होते, आणि घरात काही चांगलं घडलं — वाढदिवस, बढती, माझं, म्हणजे कश्मिराचं, गणितात काठावर पास होणं — की आम्ही तिघं इथे जेवायला यायचो. निवृत्त झाल्यावर आई-बाबा पुण्याला गेले. मी शिकून नोकरीसाठी परत आले, त्यालाही दोन वर्षं झाली. पण एकटीने या दारात यायला पाय धजावत नव्हते. शेवटी पावसानेच ढकललं.

आत काहीच बदललं नव्हतं. तीच लाल चामड्याची आसनं, तेच भरदुपारी लावलेले पिवळे दिवे, कोळशाचा आणि वितळत्या लोण्याचा तोच वास. गल्ल्यावर मालकीणबाई हमीदा आंटी, फक्त आता हातात काठी आली होती. मी नाव सांगितलं तशी त्यांनी शेजारची लाकडी पेटी उघडली.

इथली एक पद्धत आहे. जुन्या गिऱ्हाइकांना मेनू देत नाहीत. कोणाला काय आवडतं, काय चालत नाही, हे स्वयंपाकघराने लिहिलेलं एकेका कुटुंबाचं कार्ड त्या पेटीत असतं. ते आत गेलं की त्याप्रमाणे ताट बाहेर येतं. आमचं कार्ड सापडल्यावर हमीदा आंटींना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. मी ओले पाय पुसले आणि लँब चॉप्सची वाट बघत बसले. बाबा नेहमी तेच घ्यायचे. आमच्यासारख्या हिंदू घरांसाठी इथे वेगळी जाळी असायची, बीफ तिच्यावर कधी जात नसे.

वीस मिनिटांनी अहमद नावाच्या वेटरने ताट आणून समोर ठेवलं आणि झाकण उचललं. कुस्करलेल्या बटाट्याचा गोल चेहरा. वाटाण्याचे दोन डोळे. गाजराचं हसरं तोंड...

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. ऑफिसात माझ्या हाताखाली सहा इंजिनिअर काम करतात. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खोकल्यासारखं करून हसले, आणि मी ते ताट उचलून तडक भट्टीच्या खिडकीपाशी गेले. इथली स्वयंपाकघरातली माणसं हॉलमध्ये पाऊल टाकत नाहीत. जे काही बोलायचं ते त्या पितळी चौकटीच्या खिडकीतून. मी हिंदीत दोन मिनिटं भांडले. आतला माणूस पाठमोरा, चिमट्याने काहीतरी उलटत शांतपणे ऐकत होता. मग तो वळला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, “कार्डावर तसंच लिहिलंय, मॅडम.”

त्याने कार्ड पुढे केलं. वळणदार देवनागरीत लिहिलं होतं — ‘चौबळ साहेब. शनिवार, मटण नको. बाई, लसूण कमी. बेबी, मॅश. वाटाण्याचे डोळे, गाजराचं तोंड. नाहीतर जेवत नाही.’

“हे मी सात वर्षांची असतानाचं आहे,” मी म्हटलं.

“तारीख कुठाय त्यावर?” त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. “मला वाटलं, बेबी आल्या.”

मी चॉप्स मागितले. तो म्हणाला, आज शनिवार. मी चमकले. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे सुट्टीचा दुसरा दिवस आला की मन त्याला रविवार समजून मटण मागू लागतं. शनिवार बाबांचा असतो, माझा नाही, असं मी ठोकून दिलं. “मग भाजू?” म्हणत त्याने चिमटा उचलला. मी मारुतीला घाबरते की नाही, हे मला तोवर नक्की माहीत नव्हतं. घाबरते. मी मुकाट्याने ताट घेऊन परत गेले आणि लहानपणी खायचे तसे आधी डोळे खाल्ले. चव तीच होती.

निघताना मी खिडकीपाशी थांबून विचारलं, कार्ड कोणी लिहिलं होतं?

“माझ्या बाबांनी. शिवदास. सत्तावीस वर्षं ते या भट्टीवर होते.”

शिवदासकाका. मला त्यांचा चेहरा आठवेना. फक्त खिडकीतून ताट पुढे करणारा हात आठवला, मनगटावर भाजल्याची खूण असलेला. तीन वर्षांपूर्वी ते गेले, देवगडजवळच्या त्यांच्या गावी. आणि हा विनीत, तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या जागी आलेला. उंच, सावळा, हसला की एकाच गालाला खळी पडणारा. ती खळी मी त्याच दिवशी पाहिली, हे उगाच लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या आठवड्यात मी शुक्रवारी गेले, म्हणजे मारुतीचा प्रश्न नको. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी. दुपारी तीननंतर गर्दी ओसरायची आणि मी कॉफी घेऊन खिडकीशेजारच्या टेबलावर बसायची. हमीदा आंटी बघून न बघितल्यासारखं करायच्या. मी कधी मॅडमची कश्मिरा झाले आणि अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

तो दिवसभर बीफ भाजायचा आणि स्वतः कधी खायचा नाही. मग चव कशी कळते, असं मी एकदा विचारलं. “चव बघावी लागत नाही. हाताला कळतं. दाखवू?” त्याने खिडकीतून हात पुढे केला... मी माझा दिला. त्याने माझा अंगठा माझ्याच पहिल्या बोटाला टेकवला आणि अंगठ्याखालचा उंचवटा हलकेच दाबला. “हे कच्चट.” मग मधलं बोट. “हे जरा शिजलेलं. अजून गुलाबी.” मग तिसरं... बोटागणिक तो उंचवटा कडक होत गेला. करंगळीपाशी आल्यावर तो थांबला.

“आणि हे?” मी विचारलं.

“हे पूर्ण शिजलेलं. आता उतरवलं नाही, तर करपणार.”

त्याने हात सोडायला जरा उशीर केला. मी काढून घ्यायला त्याहून जास्त.

एका शुक्रवारी त्याचा फोन वाजला. आईचा. “होय गे आये, जेवलंय मी,” म्हणून त्याने ठेवला. नंतर म्हणाला, “तुला एक सांगू? लहानपणापासून मला तुझा राग आहे.”

मी हसले, पण तो हसत नव्हता. त्याचे बाबा दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी यायचे, त्याने सांगितलं. एरवी पंधरा दिवसांनी फोन. त्या फोनवर ते सांगायचे, साहेबांची बेबी जेवत नव्हती, मग मी वाटाण्याचे डोळे केले, मग जेवली. “बेबीला काय आवडतं ते त्यांना पाठ होतं. मी कितवीत आहे, ते दर फोनला विचारायचे.” त्याने कोळसा सारखा केला. “मला वाटायचं, एकदा बघायचीच ही बेबी कोण आहे ती.”

“आणि बघितलीस?”

“बघितली ना,” तो म्हणाला. “राग टिकवणं जड जातंय.”

त्या दिवशी घरी जाताना मला कळलं की आपलं काही खरं नाही. मी विनीतच्या प्रेमात पडले होते. आणि त्याच क्षणी बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. बाबा मायाळू आहेत. पण माणसांना ते ज्या जागी ठेवतात, त्या जागेवरून हलू देत नाहीत.

मार्चमध्ये आई-बाबा दोन आठवड्यांसाठी आले. आईच्या पर्समध्ये इथल्याच अमवाज बेटावर राहणाऱ्या वरुण नावाच्या कुणा इंजिनिअरचा फोटो होता, आणि तो फोटो दिवसातून दोनदा बाहेर निघायचा. पहिल्याच शुक्रवारी बाबांनी स्टेकहाऊसला चला म्हणून धोशा लावला. तिथे शिवदासचा मुलगा आहे कळल्यावर ते इतके हरखले की जेवण टाकून खिडकीपाशी गेले, त्यांनी विनीतचा हात दोन्ही हातांत धरला, शिवदासकाकांची आठवण काढून डोळे पुसले. मी शेजारी उभी होते. आता सांगावं, असं मनाशी म्हणत होते... एवढ्यात बाबा म्हणाले, “लग्न झालं का रे? नाही? गावाकडची एखादी चांगली मुलगी बघ आता. तुमच्या कामाची सवय असलेली.”

विनीतने माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा.

शेजारच्या टेबलावरच्या मेजपोशाला एक सुरकुती होती, ती मी सारखी करत राहिले.

“बघतो, साहेब,” तो म्हणाला.

गाडीत बाबा म्हणत होते, अशी गुणी माणसं आता राहिली नाहीत. मी काचेबाहेर बघत होते आणि स्वतःची लाज वाटत होती.

पुढच्या शुक्रवारी मी ऑफिसचं काम सांगून एकटीच गेले. विनीत खिडकीत आला नाही. ताट आलं, अगदी बरोबर, एक कण इकडचा तिकडे नाही. ताटाबरोबर एरवी यायची ती चिठ्ठी नाही, थट्टा नाही. मला ते जेवण गेलं नाही. मी उठून गल्ल्यावर गेले आणि हमीदा आंटींना विचारलं, स्वयंपाकघरातली माणसं हॉलमध्ये का येत नाहीत? नियम त्यांच्या वडिलांचा होता, त्यांनी सांगितलं, पण तो एप्रनचा. एप्रन घालून हॉलमध्ये यायचं नाही, बस. सुट्टीच्या दिवशी पाहुणा म्हणून कुणीही बसू शकतो. “शिवदास भी बैठ सकता था,” त्या म्हणाल्या. “सत्ताईस साल में किसी ने पूछा ही नहीं.”

मी खिडकीपाशी गेले आणि तो वळेपर्यंत तिथून हलले नाही.

“उद्या सुट्टी घे. आई-बाबा सोमवारी निघतायत. मी चौघांचं टेबल सांगितलंय.”

“साहेब, बाई, तू,” तो म्हणाला. “चौथं कोण?”

“तू आलास तर तू. नाहीतर खुर्ची रिकामी.”

त्याने चिमटा खाली ठेवला. “कश्मिरा, मी तिथे बसलो तर साहेब उठतील.”

“उठले तर उठू देत. मी नाही उठणार. त्या दिवशी मी गप्प बसले, ते चुकलं. पुन्हा नाही बसणार. एवढं बघायला तरी ये.”

तो येतो म्हणाला नाही. येत नाही असंही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो होतो. चौथी खुर्ची कोणासाठी, असं आईने दोनदा विचारलं. दीड वाजला. पावणेदोन झाले... मी दाराकडे बघून बघून थकले, आणि मग तो आला. समोरच्या दाराने, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, पावलं मोजल्यासारखी टाकत. भट्टीपासून या टेबलापर्यंत किती अंतर असेल? शिवदासकाका ते कधीच चालले नव्हते.

“अरे, विनीत,” बाबा म्हणाले, “आज सुट्टी वाटतं?” आणि ते हसले, भेटायला आलेल्या माणसाकडे बघून हसतात तसे. विनीत उभाच राहिला. मी माझ्या शेजारची खुर्ची ओढली. “बस,” मी म्हटलं. तो बसला, आणि बाबांचं हसू हळूहळू ओसरलं.

“बाबा, तुम्ही याला मुलगी बघायला सांगितलंत,” मी म्हणाले. “ती मी आहे. माझं याच्यावर प्रेम आहे आणि मला याच्याशीच लग्न करायचंय.”

बाबा नॅपकिनची घडी घालू लागले, उलगडून पुन्हा घालू लागले. मी उठणार नव्हते, पण ते उठतील असं मला दर क्षणाला वाटत होतं.

“आणि याला विचारलंस का?” आईने विचारलं.

मी विनीतकडे बघितलं. इतकं सगळं केलं होतं आणि तेवढंच राहून गेलं होतं. “नाही... अजून.”

“माझं हो आहे,” विनीत म्हणाला. माझ्याकडे नाही, सरळ बाबांकडे बघत. मग सवयीने पुढे म्हणाला, “साहेब.”

बाबांनी मान वर केली नाही. आईने पाण्याचा ग्लास विनीतपुढे सरकवला, पदर सारखा केला आणि विचारलं, “घरी कोण कोण असतं तुझ्या?”

त्याने घसा साफ केला. “आई. आणि धाकटी बहीण, स्वप्नाली. ती नर्सिंग करते.”

बाबांचे हात थांबले. शिवदासकाकांच्या घरी कोण कोण आहे, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. नॅपकिन तसाच अर्धा उलगडलेला राहिला. ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होते, पहिल्यांदाच बघत असल्यासारखे. मग थोड्या घुश्शातच त्यांनी विचारलं, “गावाला घर तुमचं स्वतःचं आहे का?”

मला हसू आलं आणि रडूही आलं. असे प्रश्न बाबा कुठल्याही आचाऱ्याला विचारत नाहीत.