बुजवलेली मोरी

लाइट येईपर्यंत ऐका. ते मोबाइल खाली ठेवा आधी, त्या उजेडात तुमचीच तोंडं भुतासारखी दिसतायत. आणि ही ऐकीव गोष्ट नाही बरं का. ज्योतीराम चाकणला आमच्याच कंपनीत फिटर होता, रोज माझ्याच बसला असायचा.

मूळचा उदगीरकडचा माणूस. प्राण्यांचा भारी नाद. सुट्टी मिळाली की आसपासच्या शाळांमधून फिरायचा, चित्रं दाखवून पोरांना सांगायचा, की तरस लहान मुलं पळवत नाही, ते मेलेलं खाऊन डोंगर साफ ठेवतं, त्याला दगड मारू नका. पोरं मन लावून ऐकायची. मोठी माणसं हसायची.

गेल्या वर्षी दिवाळी उरकली आणि भामचंद्राच्या डोंगराखालच्या रस्त्यावर एक तरस मेलं. मादी. कुठल्या तरी गाडीनं उडवलं, मागून येणाऱ्या गाड्यांनी पार चेंदामेंदा केला. वनखात्याला फोन ज्योतीरामनंच केला. पंचनामा होईपर्यंत थांबला. त्यांनी तिला जाळली तेव्हाही तो तिथंच होता, राख होईपर्यंत.

मग त्यानं एक पाटी करून घेतली. ‘इथे वन्यप्राणी रस्ता ओलांडतात. वाहने हळू चालवा.’ ती लावायला तो निघाला दत्तजयंतीच्या दुसऱ्या रात्री. जेवण झालं होतं. त्याची बायको, योगिनी, म्हणाली, “उजाडल्यावर जा की.”

“सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे गं. रोवतो आणि येतो लगेच.”

चांदणं टिपूर पडलेलं. थंडी होती. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, त्यामुळे कडेला राडारोड्याचे ढीग आणि पुढे वॉचमनची पत्र्याची खोली. ज्योतीरामनं खड्डा केला, खांब उभा केला, भोवती दगड ठोकून बसवले. हात झटकत मागं वळला.

रस्त्याच्या मधोमध ती उभी होती.

पाठीवरची आयाळ ताठ. अंगावर काळे पट्टे. आणि डावा कान फाटलेला. तो कान त्यानं दिवाळीनंतर पाहिला होता, डांबराला चिकटलेला.

तेवढ्यात समोरून ट्रक आला. ज्योतीराम दोन्ही हात हलवत धावला. “ए, थांबव! थांबव गाडी!” ड्रायव्हरनं नुसता हॉर्न दाबला. ट्रक तिच्यावरून गेला... आवाज झाला नाही.

धूळ खाली बसली. ती तिथंच. त्याच्याकडे बघत.

मागून कंपनीची बस आली. मग एक कार. दर वेळी तो ओरडला. कुणी काच खाली केली नाही. कुणी वेगसुद्धा कमी केला नाही.

मग ती वळली. उतारावरून खाली गेली. थांबली. मागं बघितलं.

पळून यायचं सोडून हा तिच्यामागं उतरला. का, ते त्याला आजही सांगता येत नाही.

खाली मोरी होती, पावसाचं पाणी रस्त्याखालून पलीकडे जायची. आता तिचं तोंड दिसत नव्हतं. मुरूम, विटा, काँक्रीटचे मोठाले तुकडे. ती सरळ त्या ढिगाकडे चालत गेली... आणि ढिगात शिरली. एक खडा हलला नाही.

ज्योतीरामनं कान लावला.

आतून... बारीक कुंईकुंई. एक पिल्लू. मग दुसरं. मग दोन्ही गप्प. आणि मग चुटूक चुटूक... चुटूक चुटूक... पिल्लं आईच्या अंगावर पितात तसं.

तिला पिल्लं असतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो हातांनीच उकरायला लागला. नखं तुटली. मोठे तुकडे हलेनात. धावत वॉचमनकडे गेला. वॉचमन खंडू, परभणीचा म्हातारा.

“काका, ही मोरी कधी बुजवली?”

“वरचं तोंड मागंच बुजीवलं होतं. हे खालचं आज दुपारी. का हो?”

“आत पिल्लं आहेत. जेसीबी काढायला लागेल!”

“चावी ऑपरेटरजवळ असती, बाबा. त्यो गेला पिंपरीला.”

ऑपरेटरचा फोन बंद. सुपरवायझरनं उचलला. “तरसाची पिल्लं? अहो, त्यासाठी रात्री मशीन काढू? सकाळी बघू.” वनखात्याची माणसं निघतो म्हणाली, पण ती होती आंबेगावच्या बाजूला, विहिरीत पडलेला बिबट्या काढत होती. यायला पहाट होणार.

खंडू पहार घेऊन आला. दोघांनी जोर लावला. एक तुकडा सरकला, तशी वरून सगळी माती घसरून खाली आली. होती ती फटही गेली.

खंडूनं ढिगाला कान लावला आणि झटकन मागं सरला. “आत मोठं जनावर हाय.”

“ती... मेलीय काका.”

“श्वास घ्यायलंय. माझ्या कानाशी.”

त्यानं पहार टाकली. वर जाऊन रस्त्याच्या कडेला बसला. पुन्हा खाली आला नाही.

ज्योतीराम एकटाच पहार मारत राहिला. “थांबा रे... थोडं थांबा...” आतली कुंईकुंई बारीक होत गेली. वरून गाड्या जातच होत्या. तो ओरडला, बॅटरी हलवली. कुणी नाही.

एक आवाज बंद झाला.

मग दुसरा.

मग आत ती ओरडली. एकदाच. त्यानंतर... काही नाही.

उजाडताना वनखात्याची गाडी आली, पशुवैद्य अरुंधती मॅडम आल्या, ऑपरेटर आला. मोरी उघडली. दोन पिल्लं, एकमेकांना बिलगून. मोठं जनावर नाही. बाहेर जायला वाट नाही.

“हवा संपली,” मॅडम म्हणाल्या. “रात्रीच गेलीत. थोडं आधी उघडलं असतं तर...” ज्योतीरामचे हात बघून त्या थांबल्या.

त्यांनी तिथंच पिल्लं उघडून तपासायला घेतली. बराच वेळ खाली मान घालून काम करत होत्या. मग म्हणाल्या, “यांची आई जवळच असेल. शोधा तिला.”

“आई दिवाळीनंतरच गेली, मॅडम,” वनखात्याचा गार्ड म्हणाला. “आम्हीच जाळली.”

“शक्य नाही.”

त्यांनी ज्योतीरामला जवळ बोलावलं. बोटानं दाखवलं. दोन्ही पिल्लांची पोटं तुडुंब भरलेली होती.

दूध होतं. अजून नासलंही नव्हतं.