वर्तुळात लोखंड नको

होकायंत्राचा काटा एकदम थांबत नाही. आधी जरा पुढे जातो, मग मागे येतो, आणि भांड्यातल्या द्रवाने अलगद धरून ठेवावं तसा हळूहळू स्थिर होतो. तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घ्यावासा वाटतो. तो थांबला ती दिशा खरी की खोटी, आणि खोटी असेल तर किती, हे मोजायचं आणि छोटी चुंबकं सरकवून चूक कमी करायची, हे माझं काम. विमानतळावर मला सगळे होकाबाई म्हणतात.

धावपट्टीच्या टोकाला, इमारतींपासून लांब, एक मोठं पांढरं वर्तुळ रंगवलेलं आहे. विमान त्यात आणून एकेका दिशेकडे वळवायचं आणि काटा तपासायचा. वर्तुळाच्या आत विमानाखेरीज दुसरं लोखंड न्यायचं नाही, हा तिथला नियम. माझ्या कोटाला लाकडी बटणं आहेत. केसांतल्या पिना मी कडेच्या डब्यात काढून ठेवते आणि केस सुती फितीने बांधते.

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा भुरभुर पाऊस होता, आणि तो खिळे मारलेले बूट वाजवत सरळ माझ्या वर्तुळात आला.

“बूट काढा,” मी म्हणाले.

“बाई, हे अख्खं विमान धातूचं आहे. माझ्या बुटांनी काय होणार?”

“विमानाचा धातू मी धरलाय हिशेबात. तुम्हाला नाही धरलं.”

“मग धरा की.”

मी बुटांकडे बोट दाखवलं. त्याने मुकाट्याने बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं, आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता. मी तिकडे पाहिलं... आणि लगेच काट्याकडे पाहिलं. पण त्याने ते पाहिलं होतं.

त्या दिवसापासून तो वर्तुळाशी आला की बूट हातात असायचे. तो त्या विमानाचा वैमानिक. रसद नेणाऱ्या जहाजांच्या पुढे उडत पाणबुड्या शोधायच्या, हे त्यांचं काम. परतताना खाली पाणी, वर ढग. भरवसा फक्त काट्याचा, आणि नकाशावर रेघ मारणाऱ्या काकांचा. काका खरं तर चाळिशीचेसुद्धा नव्हते, पण त्या पोरसवदा मुलांच्या विमानात तेच वडीलधारे.

मग एकदा धुक्याने सगळी उड्डाणं थांबली होती. कँटीनच्या खिडकीशी आम्ही दोघं होतो. काचेवर त्याने बोटाने एक वर्तुळ काढलं, आणि त्याच्याकडेच बघत म्हणाला, “लढाई संपेपर्यंत थांबायचं... की आधी विचारलेलं चालेल?”

“काय?”

“तेच, जे तुला कळलंय.”

मला कळलं होतं. मी कप खाली ठेवला. मी म्हणाले, “लढाई संपू दे. मग सांगते.”

“बरं,” तो म्हणाला. इतक्या साधेपणाने, की मलाच वाईट वाटलं.

कारण घरी होतं. मी ताईकडे राहते. दाजी नौदलाच्या जहाजावर इंजिन सांभाळतात, आणि ताईच्या खोलीची खिडकी बंदराकडे उघडते. ताई भाजी चिरता चिरता त्या खिडकीशी जाऊन उभी राहते. ते उभं राहणं मी रोज बघते. मला ते नको होतं.

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “लढाई संपल्यावर सांगणार म्हणे. लढाईला तुझी अडचण होतेय का?”

“मला वाट बघत बसायला जमणार नाही, ताई.”

“अगं, विमानांचा आवाज आला की तुझं दूध रोज उतू जातं. वाट तर तू बघतेच आहेस. नुसती फुकटात बघतेस.”

मी पातेलं घासायला घेतलं.

त्याच सुमारास त्यांचं विमान वाट चुकलं. परतताना जिथे दीपस्तंभ दिसायला हवा तिथे भलताच कडा दिसला. उतरले तेव्हा टाकीत इंधन जेमतेम उरलं होतं. काका नकाशा घेऊन तरातरा माझ्याकडे आले. “पोरी, माझी रेघ सरळ आहे. तुझा काटा खोटं बोलतोय.”

मी विमान वर्तुळात घेतलं. काटा अगदी बरोबर होता. पुढच्या फेरीत ते पुन्हा भरकटले. मी पुन्हा तपासलं, पुन्हा बरोबर. जमिनीवर खरा आणि हवेत खोटा असा काटा मी कधी पाहिला नव्हता.

आणि मग जहाजांचा मोठा ताफा निघाला. ह्या वेळी परतीच्या वाटेवर किनारा नव्हता; भर समुद्रात एक लहानसं बेट, आणि त्यावर उतरायची सोय. ते चुकलं तर पुढे नुसतं पाणी. तळाचे प्रमुख म्हणाले, “दुसरं विमान नाही. दुपारी ते जाणारच. चूक सापडली तर सापडली.”

मी सकाळभर भुरभुर पावसात वर्तुळात उभी राहून विचार केला. जमिनीवर आणि हवेत फरक काय? जमिनीवर आत मेकॅनिक बसतो. तोही माझ्या धाकाने खिसे रिकामे करून. हवेत मात्र ही माणसं असतात.

मी सगळ्यांना बोलावलं. “उड्डाणाला बसता तसे बसा. तेच कोट, त्याच पिशव्या, सगळं.”

इंजिनं चालू झाली की शेजारचंही ऐकू येत नाही. म्हणून विमानाच्या पोटाशी तार जोडून मी कानाला यंत्र लावते; आतल्या सगळ्यांशी त्यातूनच बोलायचं. विमान उत्तरेकडे वळलं. “काटा किती?” मी विचारलं. त्याने आकडा सांगितला. चूक समोर होती.

“रेडिओवाले, तुम्ही उतरा.” काही बदललं नाही. “काका, तुम्ही.” तरीही नाही.

“आता तू उतर,” मी त्याला म्हणाले. मग काकांना खुणेने काटा बघायला परत आत पाठवलं.

काकांनी आकडा वाचला. बरोबर.

मी इंजिनं बंद करायला लावली. तो पंखाखाली उभा होता, कापडी बुटांत; खिळ्यांचे तो उडताना घालत नसे.

“खिसे दाखव.”

“चाकू मागेच ठेवलाय. एवढं कळतं मला.” त्याने पेन काढलं, रुमाल काढला, एक लिमलेटची गोळी काढली.

“छातीचा खिसा?”

त्याचे कान लाल झाले. मग त्याने खिशात दोन बोटं घातली आणि एक काळी, साधी केसांची पिन माझ्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या हातातल्या माझ्या लहान होकायंत्राचा काटा लगोलग तिच्याकडे वळला.

“माझी आहे ही,” मी म्हणाले.

“हो.”

“कधीपासून?”

“मोज्याला भोक होतं... तेव्हापासून. खिशात मात्र त्या धुक्याच्या दिवसानंतर आली.” तो जमिनीकडे बघत होता. “एवढीशी पिन. म्हटलं, हिचं काय वजन.”

“माझ्या चुंबकांच्या पेटीला खेटून तो डबा असतो. त्यातल्या पिनासुद्धा चुंबक होतात. आणि तू ती काट्याच्या पुढ्यात घेऊन बसतोस.”

वरून काकांनी डोकं बाहेर काढलं. “म्हणजे माझी रेघ सरळ होती.”

“होती, काका.”

“मग ठीक आहे. चालू द्या तुमचं.”

मला हसू येत होतं. मी उत्तर दिलं नव्हतं, म्हणून मी त्याच्या विमानात नाही, असं धरून चालले होते. मी तर प्रत्येक फेरीला त्याच्याबरोबर होते, आणि वाट चुकवत होते.

त्याने हळूच विचारलं, “तिच्यासकट दुरुस्त नाही करता येणार?”

“नाही. तू हलतोस, ती हलते.” मी केस सोडले आणि ती सुती फीत त्याच्या मनगटाला बांधली. “ही ठेव. काट्याला हिचा पत्ता लागणार नाही.”

“आणि मला?”

“आत जाऊन बस. अजून बऱ्याच दिशा राहिल्यात.”

आम्ही विमान पूर्ण फिरवलं. प्रत्येक दिशेला काटा जरा पुढे गेला, मागे आला, आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. तोवर पाऊस उघडला होता. ओल्या फरशीवर पांढरं वर्तुळ चकाकत होतं, आणि वाऱ्याने माझे मोकळे केस सारखे तोंडावर येत होते.

“होकाबाई, तार काढा,” कानात त्याचा आवाज आला. “निघतो आम्ही.”

मी तारेला हात घातला... आणि तसाच ठेवला.

“लढाई संपल्यावर मी काहीतरी सांगणार होते.”

कानात नुसती खरखर. मग तो म्हणाला, “सगळे ऐकतायत.”

“ऐकू देत. काकांना साक्षीदार म्हणून यायचंच आहे.”

“कसली साक्ष?” काका म्हणाले.

“काका, गप्प बसा ना जरा,” हा रेडिओवाला.

काचेमागे त्याने माझ्याकडे तोंड वळवलं होतं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, फक्त मनगटावरची फीत दिसत होती.

“मी तुझ्याशी लग्न करणार आहे,” मी म्हणाले. “लढाई संपो, नाही तर न संपो. परत आलास की दोघं मिळून ताईला सांगू.”