प्लेटवरचा अंगठा

आमच्या कर्वेनगरच्या संस्थेत दारातच हजेरीचं मशीन आहे. अंगठा टेकवला की ‘धन्यवाद’ म्हणतं. दिवसभरात मला धन्यवाद म्हणणारं तेवढंच एक.

माझी पीएचडी चुनखडी बनवणाऱ्या जीवाणूंवर आहे. ते युरिया फोडतात आणि मग भोवतीच्या कॅल्शियमचे बारीक पांढरे खडे तयार करतात. युरिया फोडायचं काम ज्या जनुकामुळे चालतं, ते मी कापून काढलं. म्हणजे खडे बंद व्हायला हवेत. जनुक गेलंय हे तीनदा तपासलं. तरी जीवाणू वाढवायच्या चपट्या प्लेटवर खडे! चार वर्षं घातली, मार्चमध्ये फेलोशिप संपतेय, आणि हे मेले ऐकायला तयार नाहीत.

“जीवाणूंनी तुमचा प्रबंध वाचलेला दिसत नाही, उत्कर्षाबाई,” माझे मार्गदर्शक दत्तप्रसाद सर म्हणाले. “बाहेरून काहीतरी पडतंय. शोधा.”

मला संपत सापडला. आमची काचेची भांडी धुणारा कंत्राटी माणूस. जेवणानंतर जिन्यात बसून तंबाखूला चुना लावून मळायचा. चुन्यात कॅल्शियमच की!

“मॅडम, हात साबणानं धुतल्याबिगर मी आत पाय ठेवत नाय,” म्हणत त्यानं उजवा अंगठा पुढे केला. त्यावर तिरपा व्रण होता. माझाच फुटका फ्लास्क धुताना झालेला. पण त्या खड्यांनी मी इतकी वैतागले होते की बघितलं न बघितल्यासारखं केलं. लेखी तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी त्याला काढलं.

खडे थांबले नाहीत.

तीन आठवडे मी स्वतः भांडी घासली. हातमोजे घालून प्लेटांत जीवाणूंचं खाद्य ओतलं, कडेनं टेप लावली. प्रत्येक सकाळी तेच पांढरं. एकदा तर प्लेट भिंतीवर फेकावीशी वाटली. चौथ्या आठवड्यात खडे विखुरलेले नव्हते. ते रांगेत बसले होते, एकात एक कमानी करून. सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. तो अंगठ्याचा ठसा होता. मधून तिरपी, मोकळी रेघ गेली होती.

टेप जशीच्या तशी होती.

शुक्रवारी मी संपतची वस्ती शोधत गेले. तो आईबरोबर, बायडाबाईंबरोबर, रेशन दुकानासमोर उभा होता. हातात रिकामी पिशवी.

“मशीन अंगठा घेत न्हाई,” बायडाबाई माझ्यावरच करवादल्या. “काम गेल्यापासनं. दुकानदार म्हणतो झिजला. महिन्यात झिजतो व्हय?”

संपतनं हात दाखवला. अंगठा गुळगुळीत होता. एक रेघ नाही. व्रणही नाही.

“सोमवारी तक्रार मागे घेते,” मी म्हणाले. “शप्पथ.”

शनिवारी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

“घ्या की. मग खडे कुठून आले, तेही प्रबंधात लिहा. सगळे प्रयोग पुन्हा करा. आणखी दोन वर्षं.”

दोन वर्षं! मला रडूच कोसळलं. मग मी ती प्लेट वाफेच्या भांड्यात टाकून उकळली आणि वहीत लिहिलं: बाहेरचा चुना, कामगाराच्या हातून. लाज वाटली. पण लिहिलं.

सोमवारी नऊ वाजता दारात अंगठा टेकवला.

‘पुन्हा प्रयत्न करा.’

ओढणीला पुसला. पुन्हा टेकवला.

‘पुन्हा प्रयत्न करा.’

तेवढ्यात वरून, जिन्याच्या कठड्यावरून, माझ्याच प्रयोगशाळेतली नम्रता वाकली.

“उत्कर्षा, तुझ्या नव्या प्लेटवर ठसा आलाय बघ.”

“संपतचाच ना?” मी विचारलं. “तिरपी रेघ आहे ना मधे?”

“नाही गं,” ती म्हणाली. “रेघबिघ काही नाही. आणि हा लहान आहे. बाईमाणसाचा वाटतोय.”