सहावा पाइपवाला

ग्लेनक्राग गावच्या बॅगपाइप बँडमधला फर्कुहर स्पर्धेच्या आदल्या दिवशी मेंढीमागे धावताना पडला आणि मनगट मोडून बसला. मेंढी सुखरूप होती.

बँडची म्होरकी एफी मॅकाल्मन हिने स्पर्धेच्या दिवशी सकाळपासून तीनदा मोजलं. तिच्यासकट पाइपवाले पाच. नियम किमान सहाचा. सलग तिसऱ्या वर्षी वाजवलं नाही, तर बँड मोडून शेजारच्या बालनाहूच्या बँडात मिसळला जाईल, असं संघटनेचं पत्र होतं. बालनाहूवाले पिवळ्या चौकटींचे किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे घागरे, नेसतात. एफीचे आजोबा ह्या बँडात वाजवत, आईही. पिवळं कुणीच नेसलं नव्हतं.

बस तर ठरलेलीच होती. निदान विनवणी करून बघू, म्हणून सगळे मैदानाच्या दोरीपर्यंत गेले. तिथे रेनकोटातला म्हातारा कारभारी पेन्सिलीने एकेका पाइपवाल्याला हवेत टोचत मोजत होता.

"सहा," तो म्हणाला. "चला, आटपा. पाऊस वाढतोय."

"पुन्हा मोजता का?" एफी म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि त्या क्षणी तिला त्याचा फार पश्चात्ताप झाला.

त्याने पुन्हा मोजलं. "सहाच. बाई, चाळीस वर्षं मेंढ्या मोजल्यात मी."

भला माणूस दिसतोय, गप चल, असं पाचांतला टॉर्क्विल मागून पुटपुटला.

वर्तुळ धरलं. तोंडं आत, पाठी लोकांकडे. सवयीने टॉर्क्विल आणि ऊना यांच्यामध्ये फर्कुहरची जागा तशीच सुटली. एफीला ती अगदी समोर दिसत होती. ओलं गवत, आणि पलीकडे चहाचा तंबू.

ढोलांचा पहिला घुमारा झाला. मग दुसरा. टॉर्क्विल अकरा वर्षं कोपराने पाइपाची हवेची पिशवी वेळेआधीच दाबत आला होता; दर वेळी त्याचा पाइप एकटाच केकाटायचा.

आज केकाटला नाही. सगळे एकदम लागले.

पाचांचा आवाज एफीने झोपेतही ओळखला असता. हा पाचांचा नव्हता.

परीक्षक पाठीमागून फिरत होता. रिकाम्या जागेमागे तो थांबला. मान वाकडी करून पाहत राहिला.

काहीतरी लिहिलं.

पुढे गेला.

अकरांत नववे आले. बँड वाचला. तंबूत ऊना मोकळेपणी रडली आणि ढोलवाल्यांनी गरम खिमा-बटाट्याच्या तीन-तीन बशा संपवल्या. टॉर्क्विल एफीला बाजूला घेऊन म्हणाला, "हसू नकोस. सुरुवातीला माझं कोपर कुणीतरी धरून ठेवलं होतं. बरोब्बर वेळेवर सोडलं."

"अकरा वर्षं आधी धरायला काय झालं होतं?" एफी म्हणाली, आणि हसलीच.

परतताना बसमध्ये तिने परीक्षकाचा कागद उघडला. सुरुवात एकसंध. सूर बरे. सहावा वादक उत्तम. मात्र बराच वेळ पाहूनही त्याने पिशवीत एकदाही फुंकर मारलेली दिसली नाही.

एफीने कागदाची नीट घडी घातली. तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते इतकंच, की पिवळं नेसायचं टळलं.

ऊना दांडीला धरून उभी होती. टॉर्क्विलशेजारची जागा रिकामी होती.

"बस की गं तिथे," एफी म्हणाली.

ऊनाने नुसती नकारार्थी मान हलवली. टॉर्क्विल गाढ झोपला होता, खिडकीला चिकटून, शेजाऱ्याला ऐसपैस जागा देऊन.