कवडीची ऊब

मी गेले होते ते पापडाच्या लाट्या द्यायला, दुसरं काही काम नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे आमच्या घरात कोणी म्हणालं कुसुमला उन्हाने भास झाले, कोणी म्हणालं तिला नको तिथे जायची खोडच आहे. खोड होती, खोटं कशाला बोलू? पण भास असता तर तो एकट्या मला झाला असता. तुम्ही दिव्याजवळ सरका आणि मधे बोलू नका, म्हणजे झालं.

शिंदखेड्याला आमच्या परसाला एक बुटकी भिंत होती आणि तिच्यापलीकडे ताजबी पिंजारणीचं घर. आम्ही मारवाडी जैन, आमच्या चुलीवर कांदासुद्धा चढत नसे, आणि पलीकडे कोंबड्या! तरी मला सासर सोसलं ते त्या भिंतीमुळेच. तिच्यावर हनुवटी टेकून ताजबीची अनवरी माझ्याशी तासन्‌तास बोलायची. मग तिचं लग्न झालं, ती धुळ्याला गेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि ऐन दिवाळीत, मुलीला जन्म देऊन, त्याच घरात वारली. नवरा एकदा येऊन पोर पाहून गेला, तो गेलाच. हसीना आजीकडे राहिली.

आणि राहिली कवडी. पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांची कोंबडी, अनवरीने पिल्लू असल्यापासून ओढणीत घेऊन वाढवलेली. तिला कापायची गोष्ट कोणी काढली तर ताजबी त्या माणसाशी बोलणंच टाकायची. अडुसष्टच्या वैशाखात कवडी खुडूक झाली, तेव्हा ताजबीने मोठ्या कौतुकाने तिला टोपलीत अंड्यांवर बसवलं होतं.

तर ती वैशाखातली दुपार. आमच्याकडची दुपार तुम्हाला ठाऊक आहे, रात्रीपेक्षा सुनी. रस्त्यावर माणूस नाही, निंबावर कावळा चोच उघडी टाकून बसलेला, वाऱ्याला तापल्या मातीचा वास. ताजबीचा नवरा नूर महंमद पिंजण घेऊन खेड्यांवर गेलेला, त्यामुळे कापूस पिंजायच्या तातीचा रोजचा टणत्कारही नव्हता. मी लाट्यांची वाटी पदराखाली घेऊन आत गेले. आत अंधार, कापसाचा कोंदट वास. आढ्याला टांगलेल्या झोळीत हसीना होती, झोळी हलत होती, दोरी कुरकुरत होती. ताजबी पार पलीकडच्या कोपऱ्यात पाठमोरी बसली होती, दोन्ही हात मांडीत.

"आक्का, लाट्या आणल्या."

ती वळली नाही.

"कुसुम... कवडी उठत नही व."

कवडी अंड्यांवरच होती. पिसं फुलवून, पंख पसरून, रोज बसायची तशीच. फक्त मान टोपलीच्या काठावर कलली होती आणि तुरा काळा पडला होता. सकाळी तिने दाणे खाल्ले होते म्हणे. पान लागलं, म्हणजे साप चावला असावा. मी घाबरून कोपरे पाहिले, गाठोडी हलवली, कुठे काही सापडलं नाही.

ताजबी रडायला लागली. अनवरी गेली तेव्हा ती अशी रडली नव्हती. तेव्हा मांडीवर ओलं बाळ होतं, रडायला सवड कोणी दिली? ते तेव्हाचं सगळं आता कोंबडीच्या निमित्ताने बाहेर आलं. "मनी अनवरीनी कोंबडी शे ही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि मीही तिच्यापाशी बसून रडले.

मग तिने कवडीला उचललं, अंड्यांना हात लावला आणि थबकली.

"अंडा अजून ऊन शेतस."

कवडीला निंबाखाली पुरलं. टोपलीत ताजबीने ताज्या पिंजलेल्या कापसाचा ढीग घातला, वर अंडी ठेवली, वरून पुन्हा कापूस. अंडी रोज उलटवावी लागतात, म्हणून हसीनाच्या काजळाने प्रत्येकावर एका बाजूला टिंब काढलं. मी मदतीला हात पुढे केला तर तिने अडवला.

"तू हात लाऊ नको माय. तुले चालत नही."

"त्यात जीव आहे ना, आक्का?"

"शे ना."

"मग चालतं," म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा अंडं हातात घेतलं.

घरी माझ्या बोटांचं काजळ आणि बांगडीत अडकलेला कापूस सासूजींनी बरोबर हेरला. सासूजी म्हणजे लाडकुंवरबाई, पाणीसुद्धा दोनदा गाळणाऱ्या. मी सगळं सांगितलं आणि बोलणी खायची तयारी केली. त्यांनी हातातली माळ पुरी केली. मग म्हणाल्या, "खाल्लं तर पाप, बिनणी. वाचवायला कसलं पाप? हात धू आणि मग चुलीकडे ये." आमचे हे, महावीर, मात्र हसले. "वैशाख आहे. शिंदखेड्यात या दिवसांत दगडसुद्धा उबतील!"

पुढे ताजबीला ऊन लागलं. तापाने ती दाराजवळच्या बाजेवर पडून राहिली आणि अंडी उलटवायचं काम माझ्याकडे आलं. एका दुपारी मी कापूस बाजूला केला तर सगळी टिंबं खाली गेलेली. म्हटलं, तापातही उठली ही बाई!

"आक्का, तुम्ही उलटवली का?"

"मी तं उठनूच नही."

तेव्हा माझं कापसाकडे लक्ष गेलं. पिंजलेला कापूस असा फुललेला असतो की फुंकर मारली तर उडेल. वजन पडल्याशिवाय तो दबत नाही. इथे तो मधोमध खोल दबला होता. टोपलीभर पंख पसरून कोणी बसलं की पडते तशी वाटोळी खळी. मी तिच्यात हात घातला. उन्हाची गरमी वेगळी असते हो, ही अंगाची ऊब होती... आणि तेवढ्यात मनगटाला काहीतरी टोचलं. हात मागे घेतला तर कातडीवर रक्ताचा बारीक थेंब.

"हळू हात घाल व," ताजबी डोळे मिटूनच म्हणाली. "खुडूक कोंबडी टोचस."

ताजबी तिकडे, दाराशी. मी इथे. घरात तिसरं कोणी नाही... आणि मधे झोळी हलत होती. संथ, एका लयीत. झोका द्यायची दोरी वर खुंटीला गुंडाळून ठेवलेली होती, तिच्यावर धूळ बसली होती.

"आक्का... झोका कोण देतंय?"

तिने डोळे उघडून झोळीकडे पाहिलं.

"थांबाडू नको. पोर झोपनी का आपोआप थांबस." मग अगदी हळू, "अनवरी गयी तवयपासून मी एक झोका दिधा नही व."

मी पळून गेले नाही. का, ते आज सांगता येणार नाही. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होतं ते मैत्रिणीच्या जवळ असल्यासारखं. मी तिथेच बसून राहिले. हसीना झोपली, झोळी थांबली.

पिल्लं निघाली. परसात ती रांगेने चालायची, आणि पहिल्या पिल्लापुढे कोणी नसायचं. घार दिसली की सगळी एकदम निंबाखाली धावून एकमेकांना चिकटायची. दिवेलागणीला टोपलीत गोल करून बसायची, तोंडं बाहेर, मधली खळी रिकामी. सासूजींनी एकदा भिंतीवरून ते पाहिलं आणि नवकार मंत्र म्हणत आत गेल्या. त्या दिवसापासून रोज ज्वारीचे दाणे मात्र भिंतीवर ठेवायच्या.

श्रावणात पिल्लं मोठी होऊन भिंतीवर झोपायला लागली. एका सकाळी टोपलीतला कापूस पुन्हा फुललेला दिसला. ताजबी त्याच्याकडे बघत बसली होती.

"पिलं मोठा व्हयनात. ती गयी."

मग तिने हसीनाकडे पाहिलं. पोर भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. ताजबी उठली आणि तिला खाली बसवलं. पुन्हा उभी राहिली, पुन्हा बसवलं.

"आक्का, असं काय करता?"

"चालाले लागनी का अनवरीबी जाई, कुसुम."

त्या दिवसापासून ताजबीने पोरीला जमिनीवर ठेवलंच नाही. कडेवर, नाहीतर झोळीत. बाया तोंडावर बोलायच्या, पोरीला पांगळी करशील. नूर महंमदही चिडला. ताजबी ऐकून घ्यायची आणि पोरीला आणखी घट्ट धरायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं हेही कळायचं.

दिवाळीनंतरची दुपार होती. मी भिंतीपाशी वाळवण गोळा करत होते. पलीकडे ताजबी कापूस निवडत बसली होती आणि दारातून झोळी दिसत होती. हलणारी झोळी थांबली. मग हसीना झोळीतून कशी उतरली देव जाणे, उंबऱ्यावर उभी होती.

"बस, बस मनी माय..." म्हणत ताजबी धावली, आणि अर्ध्यातच उभी राहिली.

हसीना चालत होती. एकेक पाऊल टाकत, उंबऱ्यापासून निंबाकडे. तिचा उजवा हात डोक्याच्या वर ताणलेला होता आणि मूठ मिटलेली, लेकरू मोठ्या माणसाचं बोट धरतं तशी. मधेच तोल गेला. ती पडायला हवी होती, पण त्या हाताला लोंबकळली, सावरली आणि वर बघून हसली. ताजबी तिथेच मातीत बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती किती रडली! पण ते रडणं निराळं होतं.

ताजबी परवाच्या हिवाळ्यात गेली. हसीना आता शाळेत जाते. ती वाढत गेली तसा तो हात खाली खाली येत गेला, आता कमरेशी असतो, मूठ तशीच. काल बाजारात गर्दी होती म्हणून मी तिचा उजवा हात धरायला गेले, तर पोर चटकन बाजूला झाली.

"मावशी, हा नको ना," ती म्हणाली, "दुसरा धर."